ऊसतोड कामगारांच्या मुलाखती: ३४ प्रश्न २५ मिनिटांत संपतात, काय चुकतंय?

पाटीपेन्सिल

नमस्कार. एम.ए. समाजशास्त्र, दुसरं वर्ष. डेझर्टेशनचा विषय: ऊसतोडीची उचल (हंगामाआधी मिळणारे आगाऊ पैसे) आणि घरखर्चाचे निर्णय. धारूर तालुक्यातली (जि. बीड) दोन गावं घेतली आहेत. गाइडनी २० अर्धरचित मुलाखती (मुद्दे ठरलेले, उत्तरं मोकळी) सांगितल्या आहेत. मे-जून मोकळा आहे.

प्रश्नसूचीत ३४ प्रश्न आहेत. पायलट म्हणून दोन मुलाखती घेतल्या, दोन्ही २५ मिनिटांत आटोपल्या. उत्तरं अशी: "हो", "नाही", "बरं चाललंय", "मुकादम सांगंल तसं" (मुकादम म्हणजे मजुरांची टोळी जमवून उचल देणारा). एका घरी बाईंना विचारलं की नवराच उत्तर देत होता. दुसरीकडे संमतीपत्रावर सही मागितली आणि नंतर कुणी मोकळं बोललंच नाही.

नमुन्याला पाच प्रश्न देतो:
– तुमचं वार्षिक उत्पन्न किती?
– उचलीमुळे पिळवणूक होते असं वाटतं का?
– घरातले आर्थिक निर्णय कोण घेतं?
– मुलांना तोडणीला सोबत का नेता?
– मुकादम आणि कारखाना यांच्याशी तुमचे संबंध कसे आहेत?

प्रश्न कमी करू की वाढवू? रेकॉर्डिंग करावं का? आणि सहीचं काय करायचं?

टाचणवही

तुमच्याकडे आहे तो सर्व्हेचा फॉर्म. ३४ प्रश्न २५ मिनिटांत, म्हणजे एका प्रश्नाला पाऊण मिनिट. समोरच्याला तिसऱ्या प्रश्नातच कळतं की इथे छोटं उत्तर दिलं की पुढचा प्रश्न येतो आणि सुटका होते. त्यामुळे प्रश्न वाढवले तर उत्तरं आणखी आखूड होतील. ८ ते १० मोठे प्रश्न ठेवा, प्रत्येकाखाली दोन-तीन खुणेचे शब्द लिहा आणि कागद दुमडून वहीत ठेवा. वाचून दाखवायचा तो कागद नव्हे.

तुमचे पाच प्रश्न एकेक करून बघू.

"वार्षिक उत्पन्न किती?" या प्रश्नाला त्या घरात उत्तरच नसतं. उचल मिळते कोयत्याला. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. पैसे हंगामाच्या आधी येतात आणि नंतर अंगमेहनतीने फिटतात. बाई अर्ध्या कोयत्याचं काम करते, पण तिच्या हातात वेगळी रक्कम येत नाही. मग ती "आमाला काय ठावं" म्हणते आणि तुम्ही "माहिती नाही" असं टिपून पुढे जाता. तिला हिशेब माहीत नसतो असं नाही, तुमचा प्रश्न तिच्या हिशेबाला लागू पडत नाही. तो तुकड्या-तुकड्याने काढा: गेल्या हंगामाला उचल किती ठरली, एकदम मिळाली की टप्प्याने, पहिला टप्पा कोणत्या सणाच्या आसपास, तो कशात गेला, किती दिवस तोडणी झाली, दिवसाला किती टन, खाडे किती पडले, वाढे (उसाचे शेंडे) विकून काय सुटलं, पट्टा पडला (हंगाम संपला) तेव्हा फिटलं की बाकी अंगावर राहिली. समजा दिवसाला २ टन आणि ११० दिवस. झाले २२० टन. त्याला टनाच्या दराने गुणा आणि उचलीशी ताडून बघा. आकडा जुळला नाही तर ती खोटं बोलते असं धरू नका. मधे काहीतरी कापलं गेलंय आणि तुमचा पुढचा प्रश्न तिथेच आहे.

"पिळवणूक होते का?" यात उत्तर तुम्हीच देऊन टाकलंय. शिवाय हा शब्द पुस्तकातला. त्याऐवजी: "गेल्या साली उचल घेतली त्या दिवसापासून सांगा, कोण आलं, काय ठरलं, कागद झाला का?" पिळवणूक असेल तर ती त्या सांगण्यात आपोआप येईल, आणि नसेल तर तेही कळेल.

"निर्णय कोण घेतं?" याला सगळीकडे एकच ठरलेलं उत्तर येतं, "दोघं मिळून" किंवा "मालक". निर्णय विचारू नका, एक खरेदी विचारा. "मागच्या उचलीतून मोठा खर्च कोणता झाला? आधी कोण बोललं त्याबद्दल? पैसे कुणाच्या हातातून दुकानदाराला गेले?" यातून जे मिळेल ते कोडिंगला (उतारे मुद्द्यांनुसार वर्गवार लावायला) येतं. "दोघं मिळून" हे येत नाही.

"मुलांना का नेता?" मराठीत "का" म्हणून कारण मागणारा प्रश्न जाब विचारल्यासारखा लागतो, आणि शहरातून आलेल्याच्या तोंडून तर जास्तच. "हंगामात पोरं कुठं असतात? हे कसं ठरलं?" असं विचारलं की आजी, हंगामी वसतिगृह, मोठ्या मुलीची शाळा, धाकट्याला सांभाळायला कोण हे सगळं निघतं.

पाचवा प्रश्न एकात दोन आहे, फोडा. मुकादमाशी नातं रोजचं असतं, अनेकदा भावकीतलं किंवा गावातलं. कारखान्याशी बहुतेकांचा थेट संबंध येतो तो वजनकाट्यापुरता.

अजून एक. पुढचा प्रश्न टाकायची घाई करू नका. उत्तर संपलं असं वाटलं की मनात पाचपर्यंत मोजा. कामाचं वाक्य बहुतेक वेळा त्या गप्प राहण्यानंतर येतं. आलं नाही तर त्यांचाच शेवटचा शब्द परत उच्चारा: "बाकी राहिली?" बस. "म्हणजे कसं?" आणि "एखादा दिवस सांगा ना" या दोन वाक्यांवर अर्धी मुलाखत निघते.

बांधावरचा

वर प्रश्नांचं आलंच आहे. माझ्या मते तुमची मुलाखत प्रश्न विचारायच्या आधीच बिघडली होती.

सहीपासून सुरू करतो. उचल देताना मुकादम कित्येकदा स्टँपपेपरवर लिहून घेतो, मुकादमाकडून वाहतूक ठेकेदार घेतो. त्या घरात सही किंवा अंगठा याचा अर्थ एकच: देणं लागणे. तुम्ही "संशोधनासाठी" म्हणून कितीही समजावलं तरी बाहेरच्या माणसाने पुढे केलेला कागद हा कागदच. म्हणून तोंडी संमती घ्या आणि ती रेकॉर्ड करा. आधी विभागाच्या एथिक्स कमिटीकडून किंवा गाइडकडून तोंडी संमती चालेल असं लेखी मागून घ्या, कारण जमा करताना नेमकी तीच अडचण येते. संमतीचा मजकूर दीड मिनिटाच्या आत बसवा: मी कोण, कुठे शिकतो, कशाबद्दल विचारणार, साधारण तासभर लागेल, नाव कुठे येणार नाही, नको असेल त्या प्रश्नाला "नको" म्हणा, मधेच थांबवलं तरी चालेल, आणि मी सरकारकडून आलेलो नाही, माझ्याकडून योजना किंवा पैसे मिळणार नाहीत. हे शेवटचं वाक्य सुरुवातीला एकदा आणि संपताना एकदा सांगा. कुणी आधार कार्ड आणून पुढे ठेवलं तर समजा की ते पोचलेलं नाही. तिथेच थांबून पुन्हा सांगा.

दुसरं, गावात तुम्हाला कोणी नेलं? मुकादमाने किंवा सरपंचाने नेलं असेल तर निम्मा निकाल तिथेच लागला. मुकादम ओट्यावर बसलेला असताना उचलीबद्दल कोण बोलणार? पण त्याला टाळून गावात शिरलात तर दुसऱ्या दिवशी चौकशी होते. त्याला आधी भेटा, काम सांगा, जमल्यास त्याचीच स्वतंत्र मुलाखत घ्या (त्याच्यावरही कर्ज असतं, त्याची बाजू तुमच्या विषयाला लागणारच), आणि माणसं मात्र दुसऱ्या वाटेने शोधा. आशा ताई, अंगणवाडी सेविका, शाळेतले गुरुजी. एकाच वाटेने गेलात तर सगळी नावं एकाच वस्तीतली आणि एकाच भावकीतली येतात. मग वीस मुलाखती कागदावर वीस आणि प्रत्यक्षात एकच. गावठाण, दलित वस्ती, तांडा असेल तर तांडा, प्रत्येक ठिकाणी वेगळा माणूस गाठा.

चहा दिला तर प्या, पाणी दिलं तर प्या. "नको, आत्ताच झाला" याचा अर्थ गावात जातीवर जातो, तुमच्या मनात असो नसो. खुर्ची आणतील, शक्य असेल तर सतरंजीवर बसा. तुम्हाला "सर" म्हणत असतील तोवर उत्तरंही सरांना द्यायची तीच मिळतील. तुम्ही मावशी, मामा, ताई, दादा म्हणत जा, हळूहळू सैल होतं. जात, वय, शिक्षण, जमीन ही माहिती शेवटी घ्या, सुरुवातीला नको. पहिल्या दोन मिनिटांत जात विचारली की माणूस फॉर्म भरायच्या तयारीत जातो.

वेळ. मे-जून चांगला, कारण हंगाम संपून लोक गावी असतात आणि नव्या उचलीची बोलणी सुरू होत असतात. पण पहिला पाऊस पडला की पेरणी. तेव्हा दुपारी कुणी सापडणार नाही. जून अर्धा धरूनच आखणी करा. आणि लग्नसराईचे दिवस बघून जा, मे मध्ये आख्खं गाव वऱ्हाडात असतं. बायकांसाठी दुपारी साधारण १ ते ४, स्वयंपाक-धुणं उरकल्यावर. पुरुष संध्याकाळी भेटतात, पण संध्याकाळी सात-आठनंतर घेऊ नका, काही घरी तोवर दारू झालेली असते आणि ती मुलाखत वापरताही येत नाही.

नवरा उत्तर देतो याला उपाय एकच, दोघांची मुलाखत ठरवून घ्या. "आधी दादांशी बोलतो, मग ताईंशी." त्यांचं सगळं ऐकून झालं की बहुतेक पुरुष उठून जातात. बाईंशी बोलायला सोबत एखादी मैत्रीण, वर्गातली मुलगी असेल तर फारच बरं. तुम्ही मुलगा असाल आणि एकटे असाल तर घराच्या आत नको, ओसरीवर बसा, जिथे येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसता पण ऐकू जात नाही. सासू शेजारी बसली तर बसू द्या, तिला हाकलता येत नाही. मुलाखतीच्या नोंदीत "सासू पूर्ण वेळ हजर" असं लिहा. उचलीच्या खर्चाबद्दल सून काय बोलली नाही हे वाचताना ती ओळ लागते.

रेघोट्या

रेकॉर्डिंगचं कुणी बोललं नाही म्हणून लिहितो.

फोन चालतो, वेगळा रेकॉर्डर घ्यायची गरज नाही. फक्त फोन फ्लाइट मोडवर टाका, नाहीतर मधे फोन आला की काही हँडसेटवर रेकॉर्डिंग बंद पडतं आणि ते घरी गेल्यावर कळतं. जागा आधी तपासा. १२८ केबीपीएसला तासाला साधारण ५८ एमबी, वेव्ह फॉरमॅट (एकच चॅनल) ठेवलात तर तासाला ३१८ एमबीच्या आसपास. बोलण्यासाठी पहिला पुरतो. फोन पत्र्यावर किंवा लोखंडी बाजेवर ठेवू नका, प्रत्येक हालचाल धडधड म्हणून येते. दुमडलेल्या टॉवेलवर ठेवा, माइकचं तोंड त्यांच्याकडे, अंतर हातभर. मे महिन्यात पंखा डोक्यावर फिरत असणार, त्याच्या खालून बाजूला सरका. बाहेर वारा असेल तर कॉलरच्या माइकवर स्पंजची टोपी हवीच. सुरुवातीला ३० सेकंद गप्पा रेकॉर्ड करून इअरफोनवर ऐका. आणि त्यांनाही ऐकवा. आपला आवाज ऐकून लोक हसतात आणि यंत्राची भीती निम्मी होते.

फाइलचं नाव त्याच दिवशी बदला: गाव१_मु०७_स्त्री_तारीख. माणसाचं नाव फाइलवर नको. खरी नावं आणि क्रमांक यांची यादी वेगळ्या वहीत, ती वही बॅगेत घेऊन फिरू नका.

आता खरं दुखणं. ७० मिनिटांच्या २० मुलाखती म्हणजे २३ तासांपेक्षा जास्त ऐकणं. तासाभराच्या बोलण्याला लिहून काढायला ५-६ तास धरा, बोली सवयीची नसेल तर अजून. म्हणजे १४० तासांच्या घरात. हे विद्यार्थी शेवटच्या महिन्यावर टाकतात आणि मग सारांश लिहून भागवतात, ज्यावर कोडिंग होत नाही. मुलाखत झाली की ४८ तासांत लिहायला घ्या. एका आठवड्यात तीनपेक्षा जास्त मुलाखती घेऊच नका.

फोनवरचं आपोआप टायपिंग पुणेरी मराठीला बरं, "व्हतं", "कव्हा", "लय", "तसलं" याला ते काहीच्या बाही लिहितं. वर आवाज कुठल्या तरी सर्व्हरवर जातो, आणि तुम्ही तर गुप्ततेचं वचन दिलंय. हाताने लिहा. बोली सुधारू नका. "आमी इचारलं तर मुकादम म्हन्ला आता न्हाई" याचं "आम्ही विचारणा केली असता त्यांनी नकार दिला" केलं की "आता" हा शब्द गेला, आणि उशीर करणं की नाकारणं हा फरक गेला. गप्प राहिल्याची नोंद (विराम ४ से.) अशी, हसल्याची (हसल्या) अशी. दर दोन मिनिटांनी वेळ टाका, उतारा परत ऐकायचा तर शोधावा लागत नाही.

बांधावरचा

@रेघोट्या, एक मतभेद. पहिल्याच भेटीत फोन काढू नये असं मला वाटतं. पहिली भेट नुसती ओळखीची, वहीसुद्धा नको. दुसऱ्या भेटीत रेकॉर्डिंग.

रेघोट्या

वेळ असेल तर उत्तम. पण २० मुलाखतींना ४० फेऱ्या, धारूरात राहायची सोय नसेल तर रोजचं येणं-जाणं, दीड महिन्यात बसत नाही. मधला मार्ग: सकाळी वस्तीत फेरी मारून पाच-सहा घरी ओळख आणि वेळ ठरवणं, दुपारी त्यातल्या एकाच घरी बसणं. आणि रेकॉर्डिंगला "नको" म्हणाले तर मन वळवत बसू नका. वहीत शब्द-शब्द टिपा, बाहेर पडल्यावर झाडाखाली बसून तासाभरात भरून काढा. रात्रीपर्यंत थांबलात तर त्यांची वाक्यं तुमची होतात.

पाटीपेन्सिल

सगळ्यांचे आभार, सहीचं कारण डोक्यातच आलं नव्हतं. दोन शंका. १) २० पेक्षा कमी चालतील का? १४० तास वाचून घाम फुटला. २) गर्भपिशवी काढण्याच्या शस्त्रक्रियांबद्दल विचारावं का? उचलीतून दवाखान्याचा खर्च होतो, म्हणजे विषयात बसतं.

टाचणवही

१) आकड्याचा आधार म्हणून गाइडना दाखवायचा असेल तर २००६ साली प्रसिद्ध झालेला एक बराच उद्धृत केला जाणारा अभ्यास आहे, घाना आणि नायजेरियातल्या स्त्रियांच्या ६० मुलाखतींवरचा. त्यात बहुतेक मुद्दे पहिल्या १२ मुलाखतींतच येऊन गेले होते. पण ती अट लक्षात ठेवा: गट एकसारखा आणि विषय अरुंद असेल तर. तुमच्याकडे बैलगाडीवाले आणि ट्रॅक्टरला डोक्यावरून मोळ्या भरणारे (डोकी सेंटर) यांचे हिशेब वेगळे, जमीन असलेले आणि भूमिहीन वेगळे, नवरा आणि बायको वेगळे. तेव्हा सगळं थोडंथोडं घेण्यापेक्षा विषय आवळा. फक्त डोकी सेंटरवाली ७ जोडपी, दोघांच्या स्वतंत्र मुलाखती म्हणजे १४, वर दोन मुकादम. १६ झाल्या. एकाच उचलीचा हिशेब नवरा कसा सांगतो आणि बायको कसा, ही तुलना २० सुट्या मुलाखतींत मिळणारच नाही. प्रत्येक तिसऱ्या मुलाखतीनंतर नवीन काय आलं याची यादी करा. सलग तीन मुलाखतींत नवं काही नाही, तर ती यादी गाइडसमोर ठेवा.

पायलटच्या दोन मुलाखती या १६ मध्ये धरू नका, प्रश्न बदलले आहेत.

फक्त एक सांभाळा: नवऱ्याने सांगितलेला आकडा बायकोसमोर काढायचा नाही. "दादा तर ऐंशी हजार म्हणाले" हे एक वाक्य तुमच्या तोंडून गेलं तर त्या घरात नंतर काय होईल ते तुम्हाला दिसणार नाही. आणि डेझर्टेशनमध्येही जोडप्यांचे उतारे शेजारी-शेजारी छापताना क्रमांक वेगवेगळे ठेवा. दोन गावांत सात जोडपी, ओळखायला वेळ लागत नाही.

बांधावरचा

२) मी तरी म्हणेन, स्वतःहून विचारू नका. २०१९ मध्ये हा विषय बातम्यांत आला, राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, त्यानंतर बीडमध्ये पत्रकार आणि संशोधकांची रीघ लागली. काही बायकांना हा प्रश्न इतक्यांदा विचारला गेलाय की तुम्ही बसलात की त्याच सुरू करतात, "पिशवीचं इचारायला आलाव का?" ते उत्तर पाठ झालेलं असतं. तुम्हाला उचल हवी आहे. "मागच्या दोन वर्षांत दवाखान्याला मोठा पैसा कधी लागला?" एवढंच विचारा. त्यांनी पिशवीचं काढलं तर ऐका, खर्च कुठून आणला, किती उचल वाढवून घेतली, किती हंगाम फिटायला लागले तिथपर्यंत जा. शस्त्रक्रिया का केली, कोणी सांगितली इकडे वळू नका. तो वेगळा अभ्यास आहे, त्याला वेगळी परवानगी आणि बाई संशोधकच हवी.

बोलताना कुणी रडलं तर रेकॉर्डिंग थांबवा, प्रश्नही थांबवा, पाणी द्या, उठून जाऊ नका. पुढे बोलायचं की नाही ते त्याच ठरवतील.

पाटीपेन्सिल

डोकी सेंटर आणि जोडप्यांची कल्पना गाइडना सांगतो. शेवटचं: मुलाखतीबद्दल काही द्यावं का? पैसे देऊ नका असं एक सर म्हणतात, दुसरे म्हणतात तासभर घेता तर द्या.

बांधावरचा

रोख नको. एका घरी दिले की दुसऱ्या दिवशी वस्तीत दर ठरतो आणि जे बोलणारच नव्हते तेही बोलायला येतात. आणि मुकादमाच्या कानावर गेलं की तुम्ही पैसे वाटताय, तर विषय भलतीकडे जातो. लेकरांना वह्या-पेन, सगळ्या घरी सारख्याच, आणि मुलाखत संपल्यावर, आधी नाही. संमतीच्या मजकुरातही त्याचा उल्लेख नको, नाहीतर तो मोबदला झाला. हंगामात फडावर गेलात तर गोष्ट वेगळी, तिथे तुमचा तास म्हणजे त्यांच्या काही मोळ्या. तिथे मुलाखत घेऊच नका, नुसतं बघा आणि वाढे बांधायला हात लावा.